काजूच्या व्हिडिओतले हात

आई, तुझ्या नावाने मी काजू विकते. तू गेलीस तेव्हा मी कोल्हापुरात एका ऑफिसात दिवसभर बिलं टाइप करत होते आणि काजूशी आपला संबंध आता संपला असंच आपण दोघी धरून चाललो होतो. तुझी तर तीच इच्छा होती. बारा वर्षं झाली त्याला. आता रंकाळ्याच्या बाजूला आमचा फ्लॅट आहे, त्यातली एक खोली डब्यांनी, पाकिटांनी आणि वजनकाट्याने भरलेली आहे, आणि प्रत्येक पाकिटावर डाव्या कोपऱ्यात तुझं नाव छापलेलं आहे. अक्षर चांगलं वळणदार आहे. तुझं नाव एवढं निगुतीने कुणी कधी लिहिलं नव्हतं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर ते होतं, तेसुद्धा चुकीचं.

बाबा गेल्यावर तू आजऱ्याच्या त्या काजूच्या कारखान्यात लागलीस तेव्हा मी दुसरीत होते. वाफवलेली बी पात्यांमधे धरायची, पायाने दांडा दाबायचा, टरफल फुटलं की आतला गर सुईने अलगद सोडवायचा. गर अख्खा निघाला पाहिजे, तुकडा झाला की मुकादम बोलायचा. टरफलातून काळं तेल निघतं आणि ते जिथे लागेल तिथली कातडी जाळतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मला एवढंच दिसायचं की तू सकाळी जाताना बोटांना एरंडेल चोळतेस, वर चुलीतली राख लावतेस आणि तरी संध्याकाळी येताना तुझी बोटं काळी असतात. टोकांची कातडी सोललेली, नखांच्या कडा जळलेल्या, तळहातावर डागांवर डाग. तू चिंचेने घासायचीस, लिंबाने घासायचीस. रंग जात नव्हता. मग त्या बोटांनी माझी वेणी घालायचीस आणि केस बोटांना अडकायचे, मी ओरडायचे.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन कारखान्यात आले. तू पाणी प्यायला उठली होतीस, तुझी जागा मोकळी होती. मी बसले आणि एक बी फोडली. दुसरी फोडणार एवढ्यात पाठीत मनगटाचा रट्टा बसला. तळहाताने मारलं नाहीस. मी रडायला लागले तर तू मला दंडाला धरून बाहेर नळावर नेलंस, माझी बोटं राखेने घासघासून धुतलीस आणि म्हणालीस, "ह्या जागंवर तू बसायचं न्हाय. येकदा बी न्हाय. कळलं का?" मी म्हटलं, "तू बसतीस की." तू माझ्या बोटांचा वास घेऊन बघितलास आणि परत एकदा धुतलीस.

आता तो दिवस, जो मी कुणालाच सांगितलेला नाही. नवऱ्यालाही नाही. मी आठवीत आहे. शाळेचं स्नेहसंमेलन आहे, पाठांतराचं पहिलं बक्षीस मला आहे. तू अर्ध्या दिवसाची रजा मागून कारखान्यातून थेट आलीस, त्याच साडीत. माझं नाव पुकारल्यावर बाई माइकवरून म्हणाल्या, "आईलाही वर बोलवा." मी तुला घ्यायला खाली आले. तू हसत उठलीस, पदर सारखा करायला हात वर केलास, आणि मला पहिल्या रांगेतल्या मुलींच्या आया दिसल्या, त्यांचे हात दिसले. मी तुझ्या कानाशी म्हणाले, "आई, हात आत घे." तू माझ्याकडे बघितलंस. एकच क्षण. मग दोन्ही हात पदराखाली घेतलेस. पाहुण्यांनी गुलाबाचं फूल पुढे केलं ते तू पदरात घेतलंस, पदर पसरून, खाली वाकून. लोकांना वाटलं बाईला केवढी रीत आहे. टाळ्यासुद्धा जास्त पडल्या. घरी येताना तू कोथिंबीर महाग झाल्याचं बोलत होतीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं. त्यानंतर एकाही फोटोत तुझे हात नाहीत. माझं लग्न तू गेल्यावर झालं, त्या फोटोत तर तू असणारच नव्हतीस, पण मामाच्या लग्नात, मावसबहिणीच्या बारशात, सगळीकडे तू पदराआड हात घेऊन उभी आहेस. मी सांगितलं म्हणून. एकदाच सांगितलं होतं, पण तू कायमचं ऐकलंस.

आणि आधार कार्डाचं शिबिर. मी मुद्दाम रजा काढून आजऱ्याला आले होते, तुला रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून. यंत्रावर तुझी बोटं उठेनात. तो ऑपरेटर म्हणाला, "बाई, हात धुऊन या." तू म्हणालीस, "धुऊनच आलोय की." त्याने परत दाबायला लावली, ओल्या फडक्याने पुसायला लावली, परत दाबायला लावली. मागची रांग कुरकुरायला लागली. मी पुढे होऊन, "तिचे हात कामाने असे झालेत, तुम्ही नीट बोला," एवढं म्हणायला हवं होतं. मी मोबाइलमधे बघत उभी राहिले. पुढच्याच पावसाळ्यात तुला कावीळ झाली. मी पोचले तोपर्यंत तू माणसं ओळखत नव्हतीस. तुझे हात चादरीखाली होते. नर्सने ठेवले असतील.

लेक झाली तेव्हा मी नोकरी सोडली. घरात बसवेना. तुझ्याशेजारी बसून बिया फोडायची ती मावशी, तिच्या ओळखीने ती आता जाते त्या आजऱ्याच्या लहान कारखान्यातून मी दहा किलो काजूगर आणले, ओळखीच्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला आणि आठवड्यात संपले. मग पाकिटं छापली, इन्स्टाग्रामवर पान काढलं. तिथे मात्र काही हलेना. मी पाकिटाचे फोटो टाकायचे, दर टाकायचे, 'आजच मागवा' लिहायचे. नणंद लाइक करायची, नणंदेची जाऊ लाइक करायची, संपलं.

स्टेशन रोडवरच्या एका हॉलमधे क्लास लागला होता, सोशल मीडियावर धंदा कसा वाढवायचा त्याचा. शिकवणारे सर इचलकरंजीचे, वयाने माझ्याएवढेच. माझं पान मोठ्या पडद्यावर लावून म्हणाले, "ताई, हे दुकानाचं शटर झालं. शटर बघायला कोण थांबतंय? माणूस दाखवा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत काहीतरी हलतं दाखवा, हात दाखवा, आवाज तुमचा असू दे. रोज ठरलेल्या वेळेला टाका. कुणी चार शब्द लिहिले तर त्याला उत्तर द्या, मशीनसारखं नको, घरी आलेल्या पावण्याशी बोलतो तसं द्या." मग विचारलं, "हे पाकिटावरचं नाव कुणाचं?" मी म्हटलं, आईचं. सर म्हणाले, "मग आई कुठं हाय ह्याच्यात? तीच सांगा की लोकांना. फक्त खरं सांगा, खोटं लगेच वास मारतंय." मी सगळं वहीत लिहून घेतलं. शेवटचं वाक्य सोडून.

आई, मी व्हिडिओ केला. आमच्या वर दोन मजले बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू राहतात. त्यांचे हात फार सुंदर आहेत, साठीतही. मी त्यांना हिरव्या बांगड्या भरायला लावल्या, माझी इरकली नेसवली, आमच्या गॅलरीत पाट मांडला, समोर पितळी परात ठेवली. काकू म्हणाल्या, "अगं, पण आईचे हात म्हणून माझे कसे चालतील?" मी म्हटलं, "चेहरा दिसणार नाही काकू. नुसते हात." त्यांना बी फोडता येईना, म्हणून मी आधीच फोडलेलं टरफल सोललेल्या गराभोवती परत बसवून दिलं. त्यांनी दोन बोटांनी ते उघडलं, पांढराशुभ्र गर बाहेर आला, सकाळचं ऊन त्यावर पडलं. आणि वरून माझा आवाज: "माझी आई आमच्या अंगणात बसून आमच्याच बागेतले काजू फोडायची. तिच्या हातांनी मला शिकवलं की घाई केली तर गर तुटतो." आपल्याला अंगण नव्हतं, बाग नव्हती. घाईचं वाक्य तेवढं खरं, पण ते मुकादमाचं.

तो व्हिडिओ चालला. किती लोकांनी बघितला ते आकडे तुला सांगून काय उपयोग? तीन दिवस फोन हातात धरवत नव्हता एवढं सांगते. सांगलीहून, पुण्याहून, कुठून कुठून ऑर्डरी आल्या. बायका स्वतःच्या आयांबद्दल लिहायला लागल्या, मी एकेकीला उत्तर देत बसले, सरांनी सांगितलं तसं. पॅकिंगला तिघी बायका ठेवल्या. मातृदिनाला मी लिहिलं, आईने मला नवव्या वर्षी स्वयंपाक शिकवला, मीठ-तिखट घालायचा मान माझा असायचा. त्यालाही लोकांनी डोक्यावर घेतलं. ते तर खरंच होतं ना? पिठलं असो, आमटी असो, तू सगळं करायचीस आणि मला हाक मारायचीस, "बाय, मीठ घाल ये." मला वाटायचं तू मला तयार करतेस.

गेल्या दिवाळीच्या आधी पुण्याच्या एका कंपनीची मोठी ऑर्डर आली, त्यांच्या लोकांना भेट म्हणून द्यायचे डबे. त्यासाठी कारखान्यात थोडं शूटिंग करावं म्हणून मी आजऱ्याला गेले. साल काढायच्या खोलीत मावशी बसली होती. आता तिला फोडायचं काम झेपत नाही, पण ऑर्डरी वाढल्या की मालक तिला परत पात्यांवर बसवतो. माझ्या ऑर्डरी धरून. मी फोन काढला तशी ती म्हणाली,

"त्यो हात कुणाचा गं?"

"कुठला, मावशी?"

"तुज्या फोनातला. सुनंच्या मोबाईलवर बघितलो मी. हिरव्या बांगड्याचा."

"शेजारच्या काकू आहेत. नुसतं दाखवायला घेतल्या."

"आणि तू तर म्हणतीस, माझी आय."

बाकीच्या बायकांचे हात थांबले. मी हसून म्हटलं, "अहो मावशी, जाहिरात असते ती. खायची वस्तू आहे. लोकांना तसले हात बघवत नाहीत."

तसले. माझ्याच तोंडून गेलं. समोर दहा-बारा बायका, वीस-पंचवीस तसलेच हात, सगळे परातीत.

मावशी आवाज न चढवता म्हणाली, आणि तिचा आवाज कधी खाली नसतो हे तुला माहीत आहे. "खायाला चालत्यात, बघाय चालत न्हाईत व्हय? तुज्या आयनं काय चोरी केलती का, हात लपवायला?"

मी काहीतरी बोलत राहिले. म्हटलं, नाव तिचंच दिलंय, तिच्या आठवणी लिहिते, स्वयंपाक कसा शिकवला ते लिहिलंय. मावशीने हातातला गर परातीत टाकला. "सैपाक? अगं, मिठात हात घालवत नव्हता तिला. बोटं सोललेली असायची, मीठ-चटणी लागली की जीव जायचा. डब्याला बसलो की सांगायची, आज पोरीनं मीठ घातलं, बरं झालं. तुला सांगू नगं म्हणायची. म्हणायची, तिला वाटतंय मान दिलाय, तसंच ऱ्हाऊ दे."

मी त्या दिवशी काहीच शूट केलं नाही. गडहिंग्लजपर्यंत गाडीत रडत आले आणि तिथून पुढे कंपनीच्या बाईंना काय सांगायचं त्याचा विचार करत आले. दोन्ही खरं आहे.

दिवाळीच्या सगळ्या ऑर्डरी पोचत्या होऊ दिल्या. हेही लिहून ठेवते, की आधी ऑर्डरी पोचत्या होऊ दिल्या. तुळशीचं लग्न झाल्यावर परत आजऱ्याला गेले, मावशीला म्हटलं, "तुमचे हात दाखवले तर चालेल का?" ती म्हणाली, "दाखव की. मला काय लाज न्हाय." मी तिचे हात घेतले, जवळून, काही न सजवता. पात्यांचा खटका, काळं तेल, सुई, गर. आणि आवाजात सगळं सांगितलं: बाग नव्हती, अंगण नव्हतं, आई दुसऱ्याच्या कारखान्यात किलोवर काम करायची, आधीच्या व्हिडिओतले हात तिचे नव्हते, तिचे हात असे होते. शाळेचं मात्र सांगितलं नाही. जुना व्हिडिओ काढून ठेवला, नवा लावला, आणि मला वाटलं, आता तुझ्याशी माझं सरळ झालं. कबूल करते, थोडं असंही वाटलं की लोक म्हणतील, केवढी प्रामाणिक बाई.

काही जण तसं म्हणालेही. काही जण गप्प निघून गेले. एकीने लिहिलं, घास घशाखाली उतरत नाही आता, हे कशाला दाखवलंत. पण मला आठवते ती एकच. कुठलीशी नर्स होती, तिच्या पानावरून कळलं. तिने लिहिलं होतं, "हे भाजलेलं आहे. तुम्ही माल घेता त्यांच्याकडून, मग हातमोजे का देत नाही?"

आई, ती ओळ मी परत परत वाचली.  आठवीत मला तुझ्या हातांची लाज वाटली, नंतर लाज वाटल्याची लाज वाटली, मग त्यांचा अभिमान बाळगायचं ठरवलं. पण त्यांना दुखतं, आणि ते दुखणं थांबवता येतं, हे एवढ्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. सहा वर्षं मी त्या कारखान्यातून माल उचलतेय. वाटाण्याएवढे गर बाजूला काढा, फुटलेली पाकळी वेगळी द्या, सालीचा कण राहू देऊ नका, हे सगळं मी मालकाला सांगितलं होतं. हातांबद्दल एक शब्द काढला नव्हता.

मालकाला फोन केला. तो म्हणाला, "हायत की हातमोजे. कपाटात पडल्यात. बायकाच घालत न्हाईत, काम मागं पडतंय म्हणत्यात." मी जाऊन बघितलं. जाड, भांडी घासायचे. मी पातळ, बोटांना बसणारे शोधून नेले, तीन प्रकारचे नेले. मालकाशी भांडून बायकांचा किलोमागचा दर थोडा वाढवून घेतला, काम मागं पडतं त्यासाठी. मावशी आता डाव्या हाताला घालते. "उजव्याला जमत न्हाय गं, सुई कळत न्हाय बोटाला," म्हणते. तरण्या मुली दोन्ही हातांना घालतात. पोरीबाळींची कातडी वाचते आहे. हे तुला सांगताना मला बरं वाटतंय, आणि बरं वाटतंय याचाच राग येतोय.

पण ऑर्डरी उतरल्या, आई. नवा व्हिडिओ लोक बघतात, मागवत नाहीत. पॅकिंगच्या तिघींपैकी एकीला मी दोन महिने थांब म्हटलं आहे. तिच्या मुलीची बारावी आहे. कारखान्याला माझी मागणी घटली की वाढवलेला दरही टिकायचा नाही, हे मालकाने हळूच ऐकवलं आहे. आणि परवा पुण्याच्या त्या कंपनीच्या बाईंचा फोन आला. फार गोड बोलतात. म्हणाल्या, "मॅडम, यंदा आमच्या घरच्या लग्नाच्या भेटींसाठी तुमचेच काजू घ्यायचे आहेत, पण तो पहिला व्हिडिओ कुठे गेला? तोच सगळ्यांना पाठवायचा होता. दुसरा खूप छान आहे हो, पण लग्नकार्यात कसा पाठवणार?" मी म्हटलं, बघते.

दोन दिवस बघितलं. कुणाला विचारलं नाही. मावशीला तर नाहीच. माझ्याकडे कारणं आहेत आणि ती खोटी नाहीत: तिघी बायका, पोरींचे हातमोजे, वाढवलेला दर. शेजारच्या खोलीत टेप फाटण्याचा आवाज येतोय, दोघीच पॅकिंग करतायत. मी इकडे दार लोटून हे लिहिते आहे, आणि लेक शाळेतून यायच्या आत फाडून टाकणार आहे. ती तुझ्यासारखी आहे, सगळं बघते आणि बोलत नाही.

आज सकाळी तो पहिला व्हिडिओ मी परत लावला. दुसरा काढला नाही, खाली आहे, शोधला तर सापडेल. तासाभरात कुणा बाईने लिहिलं, "तुमच्या आईच्या हातांना नमस्कार." सर सांगायचे, प्रत्येकाला उत्तर द्या. मी लिहिलं, "आईपर्यंत पोचवते."